एक टन बी, हजार पिशव्या

गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले २००९ साली, आणि काजूगराला २०२३ साली. बोंडू आणि बी, काजूच्या झाडाच्या दोन्ही उत्पन्नांवर आता गोव्याच्या नावाची कायदेशीर मोहोर आहे. तरीही पणजीच्या बाजारात, म्हापशात किंवा कळंगुटच्या रस्त्यावर 'गोव्याचा काजू' म्हणून चार पैसे जास्त मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या पिशवीतला गर सत्तरीच्या डोंगरावरचा की आयव्हरी कोस्टमधला, हे ओळखता येत नाही. सोललेला, वाळवलेला, प्रतवारी झालेला गर डोळ्यांनी पाहून कोणत्या मातीतला हे छातीठोकपणे सांगणे कठीणच.

यावर उपाय म्हणून दरवेळी दोनच गोष्टी पुढे येतात: दुकानांवर धाडी घाला आणि पिशवीवर होलोग्राम लावा. दोन्हींत चूक काही नाही. पण काजूची ओळख हरवते ती दुकानात नव्हे, कारखान्यात. वाळवणीच्या खळ्यावर, बॉयलरपाशी, प्रतवारीच्या टेबलावर आणि गुदामाच्या कोपऱ्यात. तिथे स्थानिक बी आणि बाहेरची बी वेगळी राहिली नाही, तर पुढे कितीही चमकदार चिकटपट्टी लावा, ती चिकटपट्टी लावणाऱ्यालाही आत काय आहे ते माहीत नसते. म्हणून माझे म्हणणे असे की मानांकनाचे लेबल अर्ज आणि शुल्क पाहून देऊ नये. ते बीच्या खरेदीपावतीवर, वजनाच्या हिशेबाने, मोजून द्यावे. लॉटची, म्हणजे एकत्र आलेल्या बीच्या गटाची, वही नाही त्याला लेबल नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. बाहेरची बी फोडणे हा गुन्हा नाही. भारतातल्या काजू कारखान्यांची भूक देशातल्या पिकापेक्षा कितीतरी मोठी आहे; आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाव, टांझानिया इथून जहाजे येतात म्हणूनच मंगळूरपासून कोल्लमपर्यंतचे कारखाने चालतात. गोव्यातला हंगाम फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मेमध्ये आटोपतो. ज्या कारखान्यात पंचवीस-तीस बायका रोज कामाला येतात, त्याला वर्षभर बी हवी. एवढी बी तीन महिन्यांत रोखीने घेऊन ठेवायची तर वर्षाचे सगळे भांडवल पोत्यांत अडकते, आणि दिवाळीपर्यंत भाव पडला तर बुडते. म्हणून लहान कारखानदार पाऊस सरता सरता बाहेरची बी आणतो. त्यात गैर काही नाही. त्या बीवर इथल्या बायांचे हात फिरतात, इथे मजुरी मिळते, 'गोव्यात प्रक्रिया केलेला काजू' असे तो ताठ मानेने लिहू शकतो. फक्त त्याने 'गोव्याचा काजू' म्हणू नये, इतकेच.

इथे एक कायदेशीर खाच आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. अन्नपदार्थाच्या लेबलविषयीच्या २०२०च्या नियमांनुसार, आयात केलेल्या मालाचे स्वरूप बदलेल अशी प्रक्रिया दुसऱ्या देशात झाली, तर मूळ देश म्हणून प्रक्रिया झाली तो देश लिहायचा. बीचा गर झाला म्हणजे स्वरूप बदललेच. म्हणजे आफ्रिकेतल्या बीचा, गोव्यात फोडलेला गर नेहमीच्या लेबल-कायद्याच्या दृष्टीने भारतीयच. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने ती पिशवी उचलली तरी त्याला मूळ देशाच्या मुद्द्यावर हरकत घेता येणार नाही. मातीचा प्रश्न विचारणारा कायदा एकच, १९९९चा भौगोलिक मानांकनाचा. आणि तो प्रश्न विचारण्याचे साधन म्हणजे कारखान्याचे दप्तर. प्रयोगशाळा नव्हे.

दप्तर म्हणजे काय, ते आकड्यांतूनच समजते.

एका कारखान्याने हंगामात ६० टन स्थानिक बी घेतली असे धरू. एप्रिलमध्ये आलेल्या बीत ओलावा सहज १२ टक्के असतो, बोंडूपासून नुकतीच तोडलेली असेल तर त्याहून जास्त. साठवायची तर तो ८ टक्क्यांवर आणावा लागतो. ६० टनांत कोरडा भाग ५२.८ टन, तो ८ टक्के ओलाव्याला ५७.४ टन भरतो. म्हणजे वाळवणीत २.६ टन पाणी उडाले. बहुतेक ठिकाणी खरेदीची नोंद ओल्या वजनाची आणि गुदामाची नोंद पोत्यांच्या संख्येवर. या दोन नोंदींमधली अडीच टनांची फट कोणी विचारीत नाही, आणि नेमक्या त्या फटीत अडीच टन बाहेरची बी बिनबोभाट बसते. म्हणून पहिला नियम: खळ्यावरून उचलल्यावर पुन्हा वजन, ओलावामापकाचा आकडा शेजारी, आणि पुढचा सगळा हिशेब त्या सुक्या वजनावर.

पुढे ५७.४ टन बी फोडली की त्याचे काय होते? टरफल ६५ ते ७० टक्के. ६८ धरले तर ३९ टन. गर चारास एक, म्हणजे सव्वाचौदा टनांच्या आसपास. तांबडी साल सुमारे एक टन. उरलेले तीनेक टन म्हणजे बोर्म्यात, गर वाळवण्याच्या भट्टीत, उडालेला ओलावा, किडकी, पोचट बी आणि झाडलोट. या चार आकड्यांची बेरीज मूळ वजनाशी जुळली पाहिजे. ती का महत्त्वाची? गर लपवता येतो, खरेदीची पावती बनवता येते, पण ३९ टन टरफल लपवायला जागा नसते. ते टरफलाचे तेल काढणाऱ्या गिरणीला किंवा जळणासाठी जाते, ट्रकने जाते, वजनकाट्यावर चढते आणि तिथे पावती फाटते. एखाद्या कारखान्याने १४ टन 'गोव्याचा' गर विकला, बाहेरची बी आम्ही आणतच नाही म्हणाला, आणि टरफलाच्या पावत्या ७० टनांच्या निघाल्या, तर दुसरा पुरावा कशाला हवा? उलटही पाहावे. पावत्या २० टनांच्याच निघाल्या आणि बॉयलरमध्येही बाकीचे जाळलेले नसेल, तर बी फोडलीच नाही, तयार गर बाहेरून आला.

आता लेबलाकडे. सुक्या बीच्या एक टनातून २५० किलो गर, म्हणजे पाव किलोच्या हजार पिशव्या. मानांकनाचा हक्क ज्या संस्थेकडे आहे तिने आणि कृषी संचालनालयाने मिळून एवढेच ठरवावे: ज्याने स्थानिक बीची एक टनाची खरी पावती दाखवली त्याला क्रमांक घातलेली हजार लेबले. साठ टन ओली बी घेणाऱ्याला फार तर ५७,४००. लेबले संपली की त्या हंगामाचा 'गोव्याचा काजू' संपला. मागणी कितीही असो, डिसेंबरात किनारे कितीही भरोत.

हे प्रमाण सैल ठेवण्याचा आग्रह होईल, आणि तिथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. बीचा उतारा, म्हणजे बीतून निघणाऱ्या गराचे प्रमाण, सगळीकडे सारखा नसतो हे खरे आहे. उतारा काढतात तो असा: दहापैकी एका पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून बी काढायची, एकत्र करून त्यातली किलोभर घ्यायची. दाणे मोजायचे, किलोत साधारण १५० ते २०० भरतात. मग प्रत्येक बी उभी कापायची आणि गर चार ढिगांत टाकायचा: चांगला, डागी किंवा अपक्व, पोचट आणि कुजका. चांगल्याचे पूर्ण वजन, डागी-अपक्वाचे निम्मे, बाकी शून्य. समजा चांगला २६२ ग्रॅम, डागी २० ग्रॅम. २६२ अधिक १०, एकूण २७२. याला ०.१७६४ने गुणले की ४८ येतात. ८० किलोच्या पोत्यामागे ४८ पौंड, हीच व्यापारातली बोली. पण हा गर सालीसकट आणि बीतल्या ओलाव्यासकट तोललेला असतो. साल निघाली, ओलावा ५ टक्क्यांखाली आला, की २७२ ग्रॅमचे २५०च्या आसपास उरतात. कागदावरचा उतारा आणि पिशवीतला गर यांतला हा फरक ज्याला ठाऊक नाही असा अधिकारी 'टनाला २७२ किलो' मान्य करील, आणि टनामागे २२ किलो बाहेरचा गर राजमान्य होईल. ५७ टनांवर तो सव्वा टन होतो. तेव्हा प्रमाण २५० किलोच असावे. ज्याची बी खरोखर वजनदार आहे, वेंगुर्ला-७सारख्या मोठ्या दाण्याच्या कलमांची आहे, त्याने कापणीची चाचणी साक्षीदारांसमोर करून वाढीव लेबले घ्यावीत.

लॉट वेगळे ठेवणे म्हणजे दोन गुदामे बांधणे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लॉट कुठे मिसळतात त्या जागा मोजक्या आहेत, त्या ओळखल्या तर खर्च कार्डाचा आणि खडूचाच.

पहिली जागा खळे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ढग भरून आले की धावपळ होते, दोन व्यापाऱ्यांची बी एकाच झाडूने लोटली जाते. खळ्यावर रंगाच्या पट्ट्या मारून खण पाडावेत आणि दोन लॉटांमध्ये हातभर मोकळी जागा सोडावी. दुसरी जागा बॉयलर. कुकर पूर्ण भरला तरच वाफ परवडते, म्हणून लॉटचे शेवटचे अर्धे भांडे दुसऱ्या लॉटच्या बीने भरतात. तिसरी बोर्मा: ट्रे रिकामे जाऊ नयेत म्हणून काल उरलेला गर आजच्याबरोबर. या तिन्ही ठिकाणी मोह एकच आहे, यंत्राची क्षमता वाया जाऊ नये. पण क्षमता वाचवताना गराचे काय होते ते पाहिले पाहिजे.

एप्रिलची स्थानिक बी आणि जहाजातून आलेली, महिने दोन महिने वाळलेली बी एकाच कुकरमध्ये गेली, की एकाच वाफेत दोघी सारख्या शिजत नाहीत. मोठी आणि ओलसर बी कच्ची राहते. तिचे टरफल चिवट, पात्याखाली ते दबते आणि गर दुभंगतो. लहान आणि कोरडी बी जास्त शिजते. टरफलातले तेल आत झिरपून गराला पिवळट-तपकिरी झाक येते, तो पांढऱ्या प्रतीतून उतरून करपट प्रतीत जातो. वाफ देण्याआधी बी चाळणीवर आकाराप्रमाणे वेगळी करणे, प्रत्येक आकाराला वेगळा वेळ देणे आणि शिजलेली बी बारा ते चोवीस तास पसरून गार होऊ देणे, ही सगळी शिस्त मिश्र लॉटमध्ये वाया जाते. टनामागे २५० किलो गरात अख्ख्याचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ६५वर आले, तर साडेबारा किलो गर अख्ख्यातून पाकळीत (दुभंगलेल्या गरात) आणि तुकड्यात गेला. किलोमागे शंभर रुपयांचा फरक धरला तरी टनाला साडेबाराशे रुपये, ६० टनांच्या कारखान्यात पाऊण लाखाच्या घरात. अर्धा कुकर रिकामा गेल्याने वाफेचे जेवढे नुकसान होते, त्याच्या हे कितीतरी पट आहे.

आणि हा तोटा फक्त मालकाचा नाही. हातापायाने चालणाऱ्या कटिंग यंत्रावर बसलेल्या बाईची मजुरी बहुतेक ठिकाणी अख्ख्या गराच्या वजनावर असते. कच्ची-पक्की बी पुढ्यात आली तर तिचा वेग पडतो, तुकडा वाढतो आणि कच्च्या टरफलातले तेल उडून बोटे भाजतात ती वेगळीच. तुकडा वाढला की मुकादम तिच्या हाताला दोष देतो. दोष तिच्या हाताचा नसतो, सकाळी कुकर भरताना दोन लॉट मिसळणाऱ्याचा असतो. लॉटचे कार्ड टेबलापर्यंत आले आणि रोजचा अख्खा-तुकडा हिशेब कार्डावर चढला, तर कोणत्या लॉटला तुकडा वाढला हे संध्याकाळी सगळ्यांनाच दिसेल. गुणवत्तेची नोंद कामगाराच्या नावावर न ठेवता लॉटच्या नावावर ठेवावी, हा माझा आग्रह यासाठी आहे.

चौथी जागा प्रतवारीचे टेबल, आणि इथली अडचण खरोखरीची आहे. गराची प्रत पौंडातल्या दाण्यांवर ठरते: डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२०, ४५०. एका लॉटमधून ३२० भरपूर निघतो, पण १८० निघाला तर तीन-चार किलोच. डबा भरतो ११.३४ किलोंचा, म्हणजे २५ पौंडांचा. तीन किलो १८० घेऊन कारखानदार करणार काय? तो बरणीत साठवणार आणि डबा भरेपर्यंत निरनिराळ्या लॉटांतला एकत्र करणार. याला बंदी घातली तर नियम पहिल्याच आठवड्यात मोडेल. त्याऐवजी मिसळण्याची परवानगी कुळाच्या आत द्यावी: स्थानिक लॉट स्थानिकातच. मिसळून झालेल्या डब्याला नवा क्रमांक, आणि वहीत त्यासमोर ज्या लॉटांतून तो भरला त्यांचे क्रमांक आणि किलो. उद्या एखाद्या पिशवीत अळी निघाली तर तीन लॉट तपासावे लागतील, तीस नव्हे. पिशवीवर लॉट किंवा बॅच क्रमांक छापणे अन्नसुरक्षा कायद्याने आजही सक्तीचेच आहे. पुष्कळ ठिकाणी तिथे पॅकिंगची तारीखच क्रमांक म्हणून मारतात. त्या तारखेवरून मागे बीपर्यंत जाता येत नसेल तर त्या क्रमांकाचा उपयोग काय?

साठवणीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गोव्याच्या पावसात वेगळ्या लॉटांची खरी परीक्षा तिथेच होते. जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. ८ टक्क्यांवर वाळवून ठेवलेली बी बारदानात ही ओल पिते. १० टक्क्यांपलीकडे गेली की बुरशीला वाट मोकळी, आणि विशिष्ट बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन या विषाचा धोका. सर्वांत आधी बिघडते ते तळातले पोते आणि भिंतीला टेकलेले पोते. म्हणून जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन फूट अंतर, दोन थप्प्यांमधून माणूस फिरेल एवढी वाट, आणि थप्पी डोक्याच्या वर चढवायची नाही. ताडपत्रीने थप्पी गच्च झाकण्याची सवय तर आधी मोडली पाहिजे: आतली उष्ण दमट हवा वर चढते, थंड ताडपत्रीखाली तिच्यातल्या वाफेचे पाणी होते आणि वरच्या ओळीवर टपकते. गळक्या कौलाइतकेच नुकसान ही ताडपत्री करते. दर पंधरवड्याला प्रत्येक थप्पीच्या तळातून आणि मधून नमुना घेऊन ओलावा थप्पीच्या कार्डावर लिहावा. ९.५ दिसला की तो लॉट रांगेत पुढे घ्यावा किंवा उघडीप मिळेल त्या दिवशी पुन्हा वाळवावा.

इथेच 'आधी आलेला आधी' हा सर्वमान्य नियम थोडा वाकवावा लागतो. काजूच्या बीसाठी खरा क्रम आधी आलेली बी आधी असा नसून आधी ओलावणारी बी आधी असा आहे. मार्चमध्ये आलेली, कडक उन्हात तीन दिवस खडखडीत वाळलेली बी ऑक्टोबरपर्यंत टिकते. मेअखेर ढगाळ हवेत कशीबशी सुकवलेली बी ऑगस्टच्या आत फोडलेली बरी. तारखेने चालणारा कारखाना नेमकी चांगली बी आधी संपवतो आणि वाईट बी पावसात ठेवतो. मग सप्टेंबरात कुजका गर वाढला की 'यंदा बीच खराब' म्हणतो.

तयार गराची तऱ्हा निराळी. बोर्म्यात सत्तरएक अंशांवर सहा ते आठ तास वाळून गर ३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. साल सुटते, पण गरही ठिसूळ होतो, म्हणून सोलण्याआधी त्याला थोडी ओल धरू देतात. पॅक करताना ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वर गेला तर मऊ पडतो, बुरशी येते. निर्वात करून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला तर कीड आणि खवटपणा दोन्ही रोखले जातात. हे सगळे सांभाळून कारखान्याबाहेर पडलेला गर किरकोळ दुकानात काचेच्या बरणीत ओतला जातो, वर दिवा लावला जातो, आणि दिवसातून पन्नास वेळा झाकण उघडते. तिथे लॉट संपतो, नाव उरते. सुट्या विक्रीला मानांकनाचे नाव वापरूच देऊ नये. बरणीवर 'काजू, डब्ल्यू-३२०, भाव अमुक' एवढे पुरे. गोव्याचे नाव हवे तर बंद पिशवी.

सालीसकट भाजलेला खारा काजू हा गोव्यात येणाऱ्या पर्यटकाचा आवडता प्रकार. त्याबाबत विशेष दक्षता हवी. तांबडी साल डाग झाकते, किडीचे छिद्र झाकते, करपलेपणही झाकते. सोललेल्या गरात प्रतवारी करणारी बाई जे एका नजरेत टिपते ते इथे दिसत नाही. म्हणून या मालासाठी तपासणी भाजण्याआधी करावी लागते: प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे साल काढून, उभे फोडून पाहायचे. जुना, पडून राहिलेला गर सालीत आणि मिठात खपवण्याची पळवाट या एका चाचणीने बंद होते.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की मूळ पावतीच खोटी असेल तर पुढची सगळी बेरीज खोटी. सीमेपलीकडे दोडामार्ग आहे, सावंतवाडी आहे, खानापूर आहे. तिथली बी रात्रीत डिचोलीला येते आणि सकाळी स्थानिक होते. चवीत फरक कितीसा असणार? डोंगर तोच, पाऊस तोच, वेंगुर्ल्याची कलमे दोन्हीकडे. पण वेंगुर्ल्याच्या काजूला स्वतःचे मानांकन आहे, आणि तिकडच्या बागायतदाराच्या मालाला त्याच्या नावाने भाव मिळायला हवा. त्याची बी आपल्या नावाखाली घालून आपण त्याच्यावरही अन्याय करतो. यावर साधन आपल्या हाताशी आहे. गोव्यात काजूला आधारभूत किंमत आहे, शेतकऱ्याकडे कृषी कार्ड आहे, त्याच्या बागेचे क्षेत्र विभागीय कृषी कार्यालयात नोंदलेले आहे, आणि फोंड्याच्या गोवा बागायतदारसारख्या सहकारी संस्था पावती देऊन खरेदी करतात. लेबलासाठी पावती धरायची तर कृषी कार्डाचा क्रमांक असलेलीच धरावी. एका कार्डावर त्या बागेतून येऊ शकेल त्याहून जास्त बी चढली की तिथेच अडते. बाजारभाव आधारभूत किमतीच्या वर असतो त्या वर्षी शेतकरी आधारभूत किमतीसाठी सरकारकडे दावा करण्याच्या वाटेला जात नाही, तेव्हा फक्त दाव्यांवर विसंबून चालणार नाही. खाजगी व्यापाऱ्यानेही कार्ड क्रमांक घालून पावती द्यावी लागेल. शेतकऱ्याला त्यात गोडी वाटली पाहिजे. ज्या कारखानदाराला लेबल हवे तो पावतीच्या बीला किलोमागे चार-पाच रुपये जास्त देईल, आणि ते पैसे थेट सत्तरी, सांगे, केपे, काणकोणच्या बागेत पोचतील. आज मानांकनाचा फायदा दुकानातच थांबतो. मला हे सर्वांत जास्त खटकते.

दुसरा आक्षेप लहान कारखानदाराचा: आमच्याकडे कारकून नाही, संगणक नाही. या सगळ्याला संगणक लागत नाही. एका लॉटला एक पान: आवक तारीख, कार्ड क्रमांक, ओले वजन, ओलावा, सुके वजन, उतारा, कुकरला गेल्याची तारीख, अख्खा, पाकळी, तुकडा, टरफल, साल, भरलेले डबे. तेरा रकाने. मोठ्या निर्यातदाराला परदेशी गिऱ्हाईक हे दप्तर मागतेच आणि तो ठेवतोच. लहान कारखानदाराने ते ठेवले तर त्याला पहिल्यांदाच कळते की कोणत्या व्यापाऱ्याची बी स्वस्त वाटली पण उताऱ्यात महाग पडली. अनुदान द्यायचेच तर सरकारने ते नव्या यंत्रावर देण्याआधी ओलावामापक आणि तपासून शिक्का मारलेला वजनकाटा यांवर द्यावे. यंत्रासमोर उद्‌घाटनाचा फोटो चांगला येतो हे ठाऊक आहे, पण चुकीच्या ओलाव्याची बी सर्वोत्तम यंत्रातही फुटते.

तिसरा आक्षेप, की एवढ्या काटेकोरपणाने गोव्याचा काजू कमी पडेल आणि महाग होईल. कमी पडेल, हे मान्य. तो आजही कमीच आहे, फक्त ते दिसत नाही. हंगामात जेवढी बी आली तेवढाच गर निघतो, आणि उरलेली मागणी गोव्यात प्रक्रिया केलेल्या काजूने भागावी, त्याच्या वाजवी भावाने. दोन्ही माल एकाच कारखान्यातून, एकाच दुकानात, शेजारी शेजारी विकले जावेत. गिऱ्हाइकाला निवड मिळेल.

हे सुरू करायचे तर सुरुवात हंगामात करून चालत नाही. मार्चमध्ये नवी बी आली की गेल्या वर्षीची शिल्लक तिच्यात बुडते, आणि पुढच्या वर्षभरात कोणताही आकडा तपासण्यालायक उरत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, नवी पोती दाराशी येण्याआधी, लेबल मागणाऱ्या प्रत्येक कारखान्यात शिल्लक बी, बोर्म्यातला गर, प्रतवारीच्या बरण्या, भरलेले डबे आणि न वापरलेली लेबले यांची एकाच दिवशी मोजदाद व्हावी. स्थानिक किती, बाहेरची किती, हे मालकाने लिहून द्यावे आणि विभागीय कृषी अधिकाऱ्याने गुदामात उभे राहून त्यावर सही करावी. ज्याची उघडती शिल्लक सहीची नाही, त्याला त्या वर्षी लेबले मिळणार नाहीत.